बिनधुऱ्याचं मैदान

माझा इवाई, म्हणजे माझ्या थोरल्या पोरीचा सासरा, आजही चारचौघांत सांगतो की ती मॅच त्याच्या गावच्या पोट्ट्यांनी जिंकली नाही, मी हरवून दिली. लग्नात सांगतो, तेरवीत सांगतो. एकदा मी दवाखान्यात सलाईन लावून पडलो होतो तर बाहेरच्या बाकावर बसून अनोळखी माणसांना सांगत होता. मला आत हसणं ऐकू येत होतं. म्हणून म्हटलं, आता आपणच लिहून काढावं. मी चौथीपर्यंत शिकलो, त्यातही धान रोवायच्या दिवसांत शाळेत कधी गेलो नाही. पण माझं अक्षर सरळ आहे आणि बोलणंही.

फुटबॉलचा नाद मला तरुणपणी लागला. गोंदियाला राइस मिलमध्ये पोती उचलायला जात होतो. सुटी झाली की बाकीचे हमाल चहाच्या टपरीवर जात, मी रेल्वेच्या पोरांचा खेळ पाहायला जात होतो. खेळलो मात्र कधीच नाही. एकदा बॉल माझ्याकडे आला तर मी तो पोत्यासारखा खांद्यावर घेतला. त्यानंतर मला कोणी बोलावलं नाही. पण पाहायचं म्हणाल तर माझ्याइतकं लक्ष देऊन या जिल्ह्यात कोणी फुटबॉल पाहिला नसेल. पाहणाराही लागतो. गाईढोरांसमोर कोण खेळेल?

पुढे मिल सोडली, गावी सालेकस्याकडे येऊन शेतीला लागलो, पोरी उजवल्या. आणि दोन हजार पाच-सहाच्या सुमारास आमच्या गावच्या पोट्ट्यांनी टीम काढली. आजूबाजूच्या गावांच्या टीमांचे दोन गट होते, वरचा आणि खालचा. आम्ही नवे, म्हणून खालच्या गटात. खालच्या गटात जे दोन पहिले येतील त्यांची शेवटी एकमेकांशी मॅच, आणि त्यात जिंकेल तो वरच्या गटात. वरच्या गटातल्यांना खऱ्या मैदानावर, गोंदियाला, लोक चारी बाजूंनी बसून पाहतात असं खेळायला मिळे. खालच्या गटातल्यांनी आपापल्या गावी जमेल तिथं खेळायचं.

आमच्याकडे जमेल तिथं म्हणजे बांधीत, धानाच्या खाचरात. धान कापलं की बांधी मोकळी होते, सपाट असते, आणि चारी बाजूंनी मातीचा धुरा असतो. तो पावसाळ्यात पाणी अडवून धरतो. गावात सगळ्यांत मोठी बांधी माझी. पोट्टे माझ्याकडे आले.

अडचण एकच होती. आमच्याकडे धान उभं असतानाच, बांधीत ओल असतानाच, लाखोरीचं बी फेकतात. धान कापून नेलं की खालून लाखोरी वर येते. नांगर नाही, पाणी नाही, फुकटची डाळ. आणि आमच्या घरी त्या डाळीचे वडे झाले नाहीत असा शिमगा गेला नव्हता. पोट्ट्यांना बांधी द्यायची तर लाखोरी सोडावी लागणार होती.

मी दसऱ्याला पोट्ट्यांना अंगणात बोलावलं आणि सगळ्यांसमोर, बायकोसमोरही, सांगितलं, "एक साल देतो. वरच्या गटात गेले त बांधी तुमची, मी जिवंत हाओ तोवर. नाई गेले त पुढच्या साली लाखोरी पेरीन, आन् मंग माया दारी याचं नाई."

पोट्ट्यांनी हाव म्हटलं. बायको काही बोलली नाही. ती लगेच बोलत नाही. साचवते.

मग रोज सुरू झालं. "अवो, डाळ नाई घरात. बॉल शिजवू काय?" मी म्हटलं, शिजव. दुसऱ्या दिवशी, "वडे कायचे करू? तुमच्या गोलाचे?" पोरगी माहेरी आली तेव्हा तिला म्हणाली, "तुया बापानं यंदा पोट्टे पेरले. पाहू आता, काय उगवते." पोरगी हसून राहिली, आणि हे सगळं तिच्या सासरी गेलं. सासर म्हणजे इवाईचं गाव, आणि त्या गावचीही टीम आमच्याच गटात होती. हे मी सांगायचं विसरलो नाही, मुद्दाम उशिरा सांगितलं.

आता बांधीत खेळायची एक पद्धत असते. बॉल धुऱ्यावरून पलीकडे गेला तर बाहेर. पण धुऱ्याला लागून परत आला तर खेळ चालू. हा नियम कोणी केला नाही. बॉल दर वेळी आणायला जायचा कंटाळा, म्हणून तो झाला. आणि आमच्या पोट्ट्यांनी त्या नियमाचं सोनं केलं. समोर कोणी आडवा आला की बॉल बाजूच्या धुऱ्याला मारायचा, आपण दुसऱ्या बाजूने पळायचं, आणि पुढे जाऊन परत आलेला बॉल घ्यायचा. म्हणजे धुरा हा आमचा बारावा माणूस. पाणी पीत नाही, दमत नाही, आणि बॉल कधी स्वतःजवळ ठेवत नाही.

यात सगळ्यांत तरबेज होता आमचा डाव्या बाजूचा पोट्टा. तो गावात ट्रॅक्टर चालवायचा. ट्रॅक्टर धुऱ्याला घासून नेईल पण धुऱ्याची माती सांडणार नाही, असा त्याचा हात होता, आणि तसाच पाय. मी धुऱ्यावर बसून ओरडत होतो, "धुरा! धुरा दे!" आणि तो द्यायचा, आणि समोरचा माणूस जागच्या जागी फिरून पडायचा. मला हसून हसून खोकला यायचा.

इवाईच्या गावची टीम आमच्या बांधीत आली तेव्हा आम्ही तिला तीन गोलांनी धुतलं. त्यांचं गाव खेळते ती तळ्याकाठची पडीत जागा, मोकळी, धुरा ना बिरा. त्यांना बांधीत काही सुचेना. इवाई धुऱ्यावर बसून पाहत होता. जाताना म्हणाला, "इवाई, हा फुटबॉल हाय का भिंगरी?"

मी म्हटलं, "ज्याले जमते त्याले फुटबॉल. नाई जमत त्याले भिंगरी."

त्याने ते मनात ठेवलं.

शेवटी पहिले दोन आले ते आम्ही आणि इवाईचं गाव. आमचे गुण जास्त होते, म्हणून मॅच बरोबरीत सुटली तरी आम्हीच वर जाणार असं ठरलेलं होतं. संक्रांत होऊन गेली होती. मॅच ठेवली गोंदियाला, मोठ्या मैदानावर. म्हणजे वर जायच्या आधीच वरची हवा खायला मिळाली.

आम्ही सकाळची पॅसेंजर पकडून गेलो. अर्धं गाव निघालं होतं. बायकोनं शिदोरी दिली आणि म्हणाली, "जिंकून या. लाखोरीचं बी त मी सांभाळूनच ठेवलं हाय." आता यातलं कोणतं तिला पाहिजे होतं, हे मला तेव्हा समजलं नाही.

मैदान पाहिलं आणि मी म्हटलं, हे काय? सपाट होतं, हे खरं. पण चारी बाजूंनी उघडं. जमिनीवर चुन्याची रेघ, आणि रेघेच्या पलीकडे लगेच माणसं, सायकली, चनेवाल्याची गाडी. बैल मोकळा सोडला तर सरळ टेसनावर जाईल असं मैदान. पोट्टेही एकमेकांकडे पाहत होते. पण आमच्या कप्तानानं सांगितलं, "आज धुरा नाई गड्याहो. ध्यानात ठेवा." सगळ्यांनी माना हलवल्या.

मी माझा दुपट्टा अंथरून इवाईला बाजूला बसवलं. मुलीचा सासरा आहे. मान द्यावाच लागतो, त्याच्या गावानं गोल खाल्ला तरी आणि मारला तरी.

सुरुवात आमची चांगली झाली. पोट्टे सरळ खेळले. अर्धा वेळ व्हायच्या आत आमच्या कप्तानानं लांबूनच मारला आणि गोल झाला. मी उठून नाचलो नाही. माझ्या वयाला शोभत नाही. फक्त इवाईला म्हटलं, "पाणी देऊ काय, इवाई? घसा सुकला असन."

"राहू द्या," तो म्हणाला. "मॅच बाकी हाय."

दुसऱ्या अर्ध्यात ऊन तापलं आणि पोट्टे दमले. माणूस दमला की डोक्याचं पायांना ऐकू येत नाही. पाय आपलं जुनं तेच करतात. एकाने बॉल बाजूला मारला आणि पुढे पळाला. बॉल रेघेबाहेर गेला. थोड्या वेळाने दुसऱ्याने तेच केलं. मग तिसऱ्याने. दर वेळी बॉल चनेवाल्याकडे, आणि दर वेळी आमचा पोट्टा पुढे जाऊन उभा, परत येणाऱ्या बॉलची वाट पाहत.

इवाई माझ्या कानाशी आला. "इवाई, तुमचे पोट्टे बॉल कोणाले देऊन राहिले? तिकडे त कोणीच नाई."

"खेळ हाय तो," मी म्हटलं. "तुमाले नाई समजाचा."

"मले समजून राहिला ना. चनेवाला तुमच्याकडून खेळून राहिला."

आजूबाजूचे हसले. गोंदियाचे लोक होते, हिंदीत हसत होते. तेवढ्यात असाच बाहेर गेलेला बॉल इवाईच्या गावच्या पोट्ट्यांनी आत फेकला, पुढे नेला आणि गोल केला. एक-एक.

तरीही आम्हीच वर जात होतो. बरोबरी पुरेशी होती. आता फक्त वेळ काढायचा होता. बॉल कुठेतरी लांब हाणायचा आणि उभं राहायचं, एवढंच काम. शिट्टीवाला मास्तर घड्याळाकडे पाहू लागला होता. आणि बॉल आला आमच्या ट्रॅक्टरवाल्याकडे, अगदी डाव्या कडेला, माझ्यासमोर. त्याच्यापुढे त्यांचा एक धिप्पाड गडी आडवा आला.

आता इथंच वाद आहे. इवाई म्हणतो की मी उठून उभा राहिलो आणि "धुरा! धुरा दे!" असं ओरडलो. त्याच्या गावचे दहा लोक तशी शपथ घ्यायला तयार आहेत. आमच्या गावचेही काही आहेत, त्यांची नावं मी सांगत नाही. मी उठलो होतो, हे बरोबर आहे. दुपट्टा ओढायला उठलो होतो. तोंडातून काही निघालं असेल तर निघालं असेल. माणूस मॅच पाहायला तोंड घरी ठेवून येत नाही. पण हजार माणसं ओरडत असताना त्याला माझाच आवाज ऐकू गेला, हे मी मानत नाही, आणि पुढेही मानणार नाही.

पोट्ट्याने बॉल डावीकडे मारला. काय मारला! अगदी मोजून, जितक्या जोराने मारला की धुऱ्याला लागून बरोबर पुढे यावा तितक्याच जोराने. आणि स्वतः त्या धिप्पाड गड्याच्या उजवीकडून निघाला, पुढे पोचला, वळला आणि हात पसरून उभा राहिला. माझ्या बांधीत तो बॉल त्याच्या पायात आला असता. सांगतो ना, चार बोटं इकडे-तिकडे झाला नसता. इतका सुंदर बॉल मी रेल्वेच्या पोरांचाही पाहिला नव्हता.

तो रेघेबाहेर गेला, एका म्हाताऱ्याच्या सायकलीला लागला आणि चनेवाल्याच्या गाडीखाली घुसला. चनेवाला आता या कामात तयार झाला होता. त्याने तो पायानेच काढून त्यांच्या पोट्ट्याकडे सरकवला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "चाचा, अपने लड़के को बताओ, मैदान इधर खतम हो गया."

त्यांनी फेकला, दोघांत तिघांत गेला, आणि गोल. आमचा ट्रॅक्टरवाला अजून तिथंच हात पसरून उभा होता. लगेच शिट्टी झाली.

इवाईच्या गावची माणसं मैदानात घुसली. मीही घुसलो, पण मी मास्तरकडे गेलो. म्हटलं, "मास्तर, ह्याले मैदान म्हणता काय? धुरा नाई, काई नाई. बॉलनं थांबाव कुठं?"

तो म्हणाला, "काका, ती पांढरी रेघ कशासाठी मारली?"

मी म्हटलं, "चुन्याच्या रेघेनं पाणी अडते काय?"

तो म्हणाला, "काका, इथं पाणी नाही अडवायचं." दुसरं काही सुचलं नाही म्हणून तो असं बोलला.

मग रीतीप्रमाणे मला इवाईला चहा पाजावा लागला. त्याने दोन कप घेतले, सावकाश, बशीत ओतून, फुंकर मारून. "साखर जास्त वाटून राहिली," म्हणाला. मी म्हटलं, "तुमाले आज सगळंच गोड लागन." पोरीसाठी माणसाला काय काय सोसावं लागते.

परतीच्या गाडीत आमचे पोट्टे खिडक्यांकडे तोंड करून बसले होते. ट्रॅक्टरवाला दाराशी उभा होता. मी त्याच्याजवळ गेलो. तो बाहेर पाहत म्हणाला, "काका, मले धुरा दिसला गा. खरंच दिसला. तुमच्या बांधीचा."

मी म्हटलं, "मलेही दिसला."



घरी बायको दारातच उभी होती. बातमी आमच्या आधी पोचली होती. मला वाटलं, आता साचलेलं सगळं बाहेर येते. पण ती एवढंच म्हणाली, "भात वाढू?" तिचं ते न बोलणं मला इवाईच्या बोलण्यापेक्षा जड गेलं.

पुढच्या साली धान भरात आलं. बांधीत ओल होती, लाखोरी फेकायचे दिवस आले. पोट्टे माझ्या दारी आले नाहीत. मीच तर सांगितलं होतं येऊ नका म्हणून, आणि हे बेटे त्याच एका गोष्टीत माझं ऐकणार होते. मी वाट पाहिली. चार दिवस मुद्दाम कमरेचं दुखणं काढलं. शेवटी बायकोनं बियाची टोपली आणून समोर ठेवली. मी शब्दाचा माणूस आहे. उचलली आणि फेकून आलो. लाखोरी अशी आली की पाहत राहावं. मला तिचा राग यायचा.

पोट्टे बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, काठी खेळू लागले. लहान जागा, एका बाजूला बोरीचे काटे, दुसऱ्या बाजूला पाणी. अर्धा वेळ बॉल पोहत असे. मी पाहायला गेलो नाही. म्हशीला त्या वर्षी नेमका बोडीकडचाच चारा आवडायला लागला, म्हणून रोज तिकडून जावं लागत होतं, एवढंच. त्या वर्षी पोट्टे गटात मागून दुसरे आले.

शिमग्याच्या आधी इवाई घरी आला. बायकोनं वडे केले, नव्या लाखोरीचे. तो जेवायला बसला. मला वाटलं, आता मॅचचं काढेल. त्याने वडा मोडला, खाल्ला, आणि म्हणाला, "डाळ मस्त हाय. कोणत्या बांधीची?"

बायको म्हणाली, "फुटबॉलच्या."

त्याचा हात थांबला. मला वाटलं, वाईट वाटलं असेल. कशाचं! तो हसायला लागला. "मंग त बरंच झालं, इवाई. आमचे पोट्टे वरच्या गटात सगळ्याईच्या शेवटी आले. आता परत खालीच येऊन राहिले तुमच्यात. मले एकच भेव होता का पुन्हा तुमच्या त्या भिंगरीच्या बांधीत खेळाव लागते का काय म्हणून. आता तेथं लाखोरी हाय. पेरत जा अशीच, दरसाल. वाढा वो इहीनबाई, आणखी एक."

बायकोनं त्याला वडा वाढला. एक नाही, दोन वाढले. रीत कशी सोडायची? पण तो हात धुवायला बाहेर गेला तशी ती माझ्याकडे वळली. इतक्या वर्षांत तिच्या तोंडावर असा राग मी फक्त एकदा पाहिला होता, तिच्या माहेरच्या गाईला कोणी नावं ठेवली तेव्हा.

"अवो, तुम्ही काय बोलले होते? पुढच्या साली पेरीन म्हणून?"

"हाव."

"पेरली ना?"

"पेरली."

"मंग शब्द झाला का नाई तुमचा? का जन्मभराचं बोलले होते?"

मी विचार केला. बोललो होतो ते पुढच्या सालाचंच. त्याच्या पुढच्या सालाचं काही बोललो नव्हतो. शब्द म्हणजे शब्द. त्यात आपल्या मनाने भर घालायची नसते.

"आन् लाखोरी?" मी विचारलं.

"मी घरामागच्या बांधीत टाकीन. वडे थोडे कमी होतीन. इवाईले एकच वाढू."

मी उठलो, टोपी घातली आणि बाहेर आलो. इवाई ओसरीत दात कोरत बसला होता. "कुठं चालले?" म्हणाला. मी म्हटलं, "म्हैस पाहून येतो."

ट्रॅक्टरवाला पोट्टा चावडीजवळ ट्रॅक्टरचं चाक धूत होता. मला पाहून उभा राहिला, पण जवळ आला नाही. मी तिकडूनच ओरडलो, "यंदा धान कापलं का बांधी घ्या. लाखोरी नाई पेरत."

त्याला खरं वाटेना. हातातलं फडकं तसंच धरून तो म्हणाला, "आन् काका, यंदाही वर नाई गेलो त?"

"त काय?" मी म्हटलं. "इवाई खालीच हाय ना."